सत्तेचाळीस अंश

मे महिन्यात अख्खा महाल कूलरपुढे आडवा
अन् हा माझी गोधडी ओढून घेतो.
म्हणतो, तुमच्या ग्रहावर गारठा फार.

पहिल्यांदा हात धरला तेव्हा फोड आला.
आई म्हणाली, तव्याला लागला का? तूप लाव.
मी हो म्हटलं.

"तिखट म्हणजे काय बे?" सावजी रस्सा
वाटीनं पिऊन विचारतो. 'बे' माझ्याकडून उचललेलं.

दिवाळीनंतर मात्र बोलणं मंदावतं त्याचं,
गळ्याखालचा तांबूस उजेड विझू लागतो.
रात्रपाळीला मी त्याला कोराडीला नेते,
बॉयलरच्या भिंतीला टेकवून बसवते,
मीटर वाचता वाचता वळून बघते:
आहे. अजून लाल आहे.

यंदा वाळ्याच्या ताट्या बांधल्याच नाहीत.
घामाघूम झोपते.
शेजारीण विचारते, काऊन वं?