टाका

घोडी जप्त व्हायच्या आदल्या रात्री
बापानं तिच्या शेपटीचे सगळे केस कापून घेतले.
"घोडी त्यांची," म्हणाला, "पण माश्या तिनं कशानं वारायच्या
ते आता जमीनदारानं बघावं."
मग हसला. मग बरेच दिवस हसला नाही.

त्या केसांचा चेंडू मी शिवला.
बापाचे डोळे तोवर अधू झाले होते.
अख्ख्या किलाव्हारात खोगीर म्हटलं की
नाव त्याचं असायचं, सुई माझी.
आत केस, केसांवर लोकर, लोकरीवर कातडं.
शेवटचा दोरा दातांनी ओढला,
मेणाची चव रविवारपर्यंत जिभेवरून गेली नाही.

त्या साली पहिल्यांदाच कुणाच्या तरी डोक्यात आलं
की सगळ्या आयर्लंडनं एकमेकांशी हर्लिंग खेळावं.
तोवर आम्ही शेजारच्या गावाशी खेळायचो,
म्हणजे भांडायचो, काठ्या मोजून घेऊन.
आता एका बाजूला एकवीस माणसं, एक पंच,
आणि नियमांचा एक छापील कागद
जो फादर कॉनरॉय टोपीत ठेवायचे,
भिजू नये म्हणून.

रेल्वेच्या भाड्यावरून वाद झाला, सातजण
स्टेशनातूनच माघारी फिरले.
त्यांच्या जागी वाटेत सापडले ते घेतले:
एक पाववाला, कॉर्कोरनचे दोघे जुळे, असे कोण कोण,
आणि एक माणूस जो खरं तर शेळी विकायला निघाला होता.
शेळी मी धरली.
मॅलकी ट्रेसीनं बूटही माझ्याकडेच दिले.
नवे होते. अनवाणीच उतरला,
हातात आजोबांची काठी,
अ‍ॅशच्या झाडाच्या मुळाशी जिथं लाकूड आपसूक वळतं
तिथून काढलेली.

समोरच्यांचे दोन गुण, आमचा भोपळा.
पण एक गोल झाला की बाकीचे गुण सगळे पाण्यात,
असा तेव्हाचा नियम.
उजेड उतरत चालला होता.
कुंपणापाशी दोन पोलीस नावं लिहून घेत होते,
कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नसावं.
तेवढ्यात मॅलकीनं चेंडू हवेतच गाठला
आणि असा हाणला, की आवाज आला
आधी काठीचा,
मग दुसराच कसला तरी.

कातडं रेषेच्या अलीकडे पडलं, मेलेल्या चिमणीसारखं.
आणि केस
पुढं गेले. वाऱ्यानं उचलले,
दोन खांबांच्या मधून, गोलकीपरच्या मिशांवरून
आमची घोडी आत गेली,
कुणाला न विचारता.

मग चाळीस माणसं पंचाभोवती.
"चेंडू म्हणजे कातडं!"
"चेंडू म्हणजे कातड्याच्या आत असतं ते!"
पाववाल्याच्या नाकातून रक्त येत होतं,
ते या वादातलं की खेळातलं, कळेना.
फादरनी टोपीतून कागद काढला,
वाचला, उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी होती.
पंच, लांबच्या कुठल्याशा गावचा शाळामास्तर,
त्या कोऱ्या बाजूकडे इतका वेळ बघत राहिला
की मला वाटलं, आता तिथं काहीतरी उमटेल.
मग म्हणाला, नाही.

हरलो. जिंकणाऱ्यांच्याही हाती काही पडलं नाही,
ना कप, ना पदक. ते करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.
परतीच्या डब्यात माझ्याशी कुणी बोललं नाही.
फक्त मॅलकी, बूट घेताना:
"शेळीचं काय झालं?"
ऑक्टोबरात तो बोस्टनला गेला.
शेळी आमच्याकडे सहा वर्षं राहिली.

त्या रात्री बापानं ते कातडं मागून घेतलं.
दिव्यापाशी नेलं नाही, त्याला दिव्याचा उपयोग नव्हता.
शिवणीवरून अंगठा फिरवला, कडेकडेनं,
एकदा, पुन्हा एकदा.
"टाका एकही सुटलेला नाही," म्हणाला.
"फाटलंय ते कातडं.
कातडं मी निवडलं होतं."