उणं टोक आधी

फैजपूरला, यावल रस्त्यावर, वजनकाट्याच्या भिंतीला टेकून
लुकमान तडवीचं दुकान. दुकान म्हणजे
एक ताडपत्री, दोन बॅटऱ्या, गोणपाटावर मांडलेले पाने.
दुपारचे दोन. सेहेचाळीस अंश.
केळीचे ट्रकसुद्धा सावली धरून झोपलेले.

मी नवा रेडिओ खोक्यातून काढून पुढे केला:
वीतभर काच, नकाशा, ब्लूटूथ, सगळं.
त्यानं पाहिलंच नाही. म्हणाला,
"किल्ली काढा पहिले. बोनेट उघडा."

दहा नंबरचा पाना. काळी वायर.
"उणं टोक पहिले सोडायचं, आखरीले जोडायचं.
लाल पहिले सोडली आन पाना बॉडीले टेकला
त मंग मिशी राहत नाही, ताई."
खरंच, त्याला मिशी नव्हती.
मग तो नुसता बसून राहिला.
आता काय? मी विचारलं.
"गाडीतला करंट विझू द्या. तोवर च्या सांगा."

जुना रेडिओ मुका होऊन दीड महिना झालेला.
एप्रिलात बॅटरी बसली, नवी टाकली,
तर तो चार आकडे मागू लागला.
व्यवहाराच्या वेळी किमतीपलीकडचा एकही आकडा
कुणी काढला नव्हता. चोपड्याच्या फेगडेंना फोन केला,
तर तेही दुसरेच मालक;
पहिले डॉक्टर बदली होऊन नंदुरबारकडे कुठेतरी.
मी जन्मसाल घालून पाहिलं. गाडीचा नंबर. आईचं जन्मसाल.
मग पडद्यावर उमटलं: सेफ.
सुरक्षित झाला तो, माझ्यापासून.

स्क्रू-ड्रायव्हरला त्यानं हातही लावला नाही.
घासून पातळ केलेली टूथब्रशची दांडी फटीत सरकवली,
गिअरवर फडकं टाकलं,
सायकलच्या स्पोकचे वाकवलेले दोन तुकडे भोकांत घातले.
"ओढू नका त्याले. बोलवा."
आणि तो आला, बारा वर्षांची धूळ घेऊन,
मागे वायरींचा घड लोंबत.

पिवळी सतत जागी. लाल किल्लीबरोबर उठते. काळी जमिनीची.
स्पीकरच्या चार जोड्या, जुळ्या केळ्यांसारख्या:
एकीतली दुसरीत गेली की आवाज पोकळ.
आणि एअरबॅगची ती वेगळी पिवळी, तिच्याकडे पाहायचंही नाही.
मी म्हटलं, सरळ कापून जोडा ना, वेळ वाचेल.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की मी गाडीचं नव्हे, कुणाचं बोट कापायला सांगितलं होतं.
"कंपनीचं सॉकेट कापायचं नसते. मधी कपलर लावू.
उद्या कोनी जुना बसवतो म्हनला त?"

मग त्यानं रेडिओ उलटा केला, फुंकर मारली.
पत्र्यावर चिकटपट्टी. चिकटपट्टीवर निळं बॉलपेन:
२७०४.

दोघंही गप्प.
सात आठवडे ते आकडे माझ्या गुडघ्यापासून हातभर लांब होते,
आत, अंधारात, आणि वाचायचे तर
आधी त्याला उपटायला हवं होतं.

"जोडून पाहू?" त्यानंच विचारलं. "तासभर चालू ठेवा लागीन,
तवा कुलूप उघडते."
तास गेला. दुसरा च्या. एक ट्रक उठून गेला.
मी आकडे दाबले.
आधी खरखर, मग जळगाव केंद्र,
एक बाई रावेरचे केळीचे भाव सांगत होती,
जराही न थबकता, जणू मधे कुणी गप्प केलंच नव्हतं.

लुकमान माझ्याकडे बघेना. पाना पुसत राहिला.
"पैसे तुमचे, कान तुमचे."

भाव संपेपर्यंत मी ऐकलं.
मग म्हटलं, काळी वायर सोडा.

नवी काच बसवण्याआधी त्यानं पट्टी फाडली,
तारीख लिहिली, कुठली वायर कुठे ते लिहिलं,
आपला फोन नंबरही, आणि तिच्या पाठीवर दाबून बसवली.
तिथे आता कोण पाहणार, मी म्हटलं.
"जो काढीन तो."

अडीचशे रुपये. थर्माकोल तुमचं तुम्ही घेऊन जा, म्हणाला.
जुना रेडिओ शेजारच्या सीटवर होता,
सावद्यापर्यंत कोमट.