पोफळीचा पेचकस

हर्णैच्या धक्क्यावर दिवसभर होड्यांचे वायरलेस सेट उघडतो.
आत मीठ असतं, कधी माशाचा खवला.
एकदा झुरळांचं अख्खं बिऱ्हाड निघालं,
स्पीकरचा कागद खाऊन सुस्तावलेलं.
हे पोटापाण्याचं.

रात्री माझं स्वतःचं:
एकशे चव्वेचाळीस मेगाहर्ट्झ,
आणि तांदळाच्या दाण्याएवढा ट्रान्झिस्टर,
ज्याचे दोन भाऊ माझ्याच बोटांतल्या विजेने गेले.
आता आधी नळाला हात लावतो, मग पेटीला.
हेमलता म्हणते, सोवळं पाळतायत.

तार चांदीच्या मुलाम्याची,
सहा मिलिमीटरच्या ड्रिलवर पाच वेढे,
मग वेढे थोडे सैल करायचे,
जेवणानंतर नाडी करतात तसे.

यासीन मुकादम तेव्हा होते. बाणकोटचे,
बावीस वर्षं जहाजांवर रेडिओ ऑफिसर,
एका कानाने बहिरे होऊन परतलेले.
पहिला टप्पा त्यांनी मला शिकवला तो लिलावात उभं करून.
ओल्या वाळूत सुरमईचा ढीग, भोवती पन्नास माणसं, सगळी ओरडत.
म्हणाले, ढिगापाशी उभा आहे त्यानेच आकडा चुकीचा ऐकला
तर मागचे सगळे तोच चुकीचा आकडा
अधिकाधिक मोठ्याने सांगत जातील, पार रस्त्यापर्यंत.
मागच्यांचा घसा कितीही चांगला असो.

म्हणून पेटी वर, जुन्या डोलकाठीवर, अँटेनाला चिकटून.
खाली खोलीत ठेवली तर वीस मीटर केबल
आधी आपला घास काढून घेते,
आणि वाटेत सांडलेलं पुढे कोणी भरून देत नाही.
झाकणाला राळ. तळाला सुईएवढं भोक:
पाणी आत येणारच,
त्याला निदान बाहेरची वाट असू दे.

ट्रिमर लोखंडी पेचकसाने फिरवला
तर पेचकस काढताच सगळं बिघडतं.
म्हणून पोफळीची चीप तासून केलेला.
पाव फेरा. सुई उजवीकडे सरकते, हुरूप येतो.
आणखी. सुई टोकाला.
इथेच चूक होते.
आवाज जिथे सर्वांत मोठा, तिथे तो सर्वांत स्वच्छ नसतो;
थोडं मागे यावं लागतं,
हाती आलेल्यातलं थोडं सोडून.
हे सांगताना मुकादम चांगला कान माझ्याकडे करायचे नाहीत.
उत्तराची गरज नसावी.

तरी खरखर होतीच. तीन वेळा उकललं,
तीन वेळा नव्याने झाळलं.

मार्चअखेर. वारा पडलेला,
मतलई अजून सुटायचा होता, समुद्र कढईतल्या गार तेलासारखा.
नऊ चाळीसला गावाची लाईट गेली.
बर्फाच्या कारखान्याची मोटर थांबली,
गोठ्यांतले एलईडी, रस्त्यावरचे दिवे.
बाहेर शिव्या सुरू झाल्या.
माझा सेट बॅटरीवर.
आणि खरखर अशी खाली बसली
जसा घागरीतला गाळ,
आणि तळ दिसला.

तळाशी मोर्स. हाताने मारलेला, जरासा लंगडा.
वेरावळचा असेल, दीवचा असेल,
उबदार हवेच्या थराखालून
पाण्याला घासत आलेला.
दोन अक्षरं वहीत पडली, तिसरं अर्धं.
उत्तराला की जवळ ओढली तोच
आली, आली, असा गलका झाला
आणि कारखान्याने घसा खाकरला.

म्हणजे पेटीत दोष नव्हता.
तीन वर्षं जिला बोल लावला
ती केव्हाची ऐकत होती.

वहीत: नऊ सत्तेचाळीस, दोन अक्षरं, प्रश्नचिन्ह.
बाणकोटचा नंबर बोटांना अजून पाठ आहे,
सहा आकडे दाबल्यावर आठवलं.

उद्या कारखान्याच्या भास्कर पावशांना विचारायचं,
मोटरच्या स्टार्टरला फिल्टर बसवून देऊ का, फुकट.
ते म्हणतील, तुला काय सुटतं यातून?
पॉइंट चार डेसिबल, सांगेन.
घासाघीस करणार नाहीत.