दाव्याची लांबी

चाळीसगावात, कुमुदच्या भाचीच्या ओट्यावर
आम्ही नकाशा पसरला. वाऱ्यानं उडू नये म्हणून
तीन कोपऱ्यांवर कवठं, चौथ्यावर माझा चष्मा.
डोंगराची रांग घाईत घातलेल्या टाक्यासारखी, वाकडी.
पाच दिवस, दोन बायका, साडेतीन गुडघे.
(अर्धा कुमुदचा. डॉक्टर तोही धरत नाहीत.)

मुक्काम रोज हलवायचा नाही, एवढं पक्कं होतं.
बत्तीस वर्षं शाळाच मला हलवत होती:
शिंदखेडा, तळोदा, यावल, पुन्हा तळोदा.
ट्रंकेच्या कडीचा आवाज पुरे झाला.
आता एकच दार हवं.
सकाळी निघायचं, संध्याकाळी चप्पल तिथंच काढायची
जिथं काल काढली होती.

पहिलं गाव देवीच्या रस्त्यावरचं.
सगळ्या वाटा तिथून सुटतात, सगळे भोंगेही.
लॉजवाला म्हणाला, चोवीस तास गरम पाणी.
कुमुदनं विचारलं, आणि गप्प किती तास?

दुसरं पठारावर.
खाली अख्खा खानदेश उघडा पडलेला, कापूस फुटलेला,
मालगाडी आधी दिसायची, शिट्टी मागून यायची.
मी तोंडात हो घेऊन उभी होते.
"रोज शेवटी चढ," कुमुद म्हणाली.
"असलं गाव पहिल्या रात्री माहेर, चौथ्या रात्री सासर."

तिसऱ्याचं नाव विसरले.
तिथला चहा मात्र चांगला होता.

सावरदऱ्याला देखावा नाही.
डोंगर निंबाच्या मागे, निंब जिनिंगच्या भिंतीमागे.
एस.टी. दिवसातून दोनदा; त्यातली एक येते.
चिंधाबाईनं पडवीतली खाट हातानं दाबून दाखवली,
नाव नाही विचारलं, गाव नाही, या वयात हे काय खूळ तेही नाही.
एवढंच म्हणाली,
"भाकरी कितल्या टाकू?"
आम्ही अजून राहतो म्हटलं नव्हतं.
कुमुद म्हणाली, "चार."

अंगणापलीकडे तिची गाय खुंट्याला होती.
दावं पुरेल तिथवर गवत भुईसपाट,
त्यापुढं गुडघाभर, पिवळं, वाऱ्यावर डुलणारं.
गाय मान ताणून त्या रेघेवर उभी होती.
मी नकाशा मिटला.
न्याहारीपासून दिवस बुडेपर्यंत, एवढं आमचं दावं.
अर्धं जायला. अर्धं यायला ठेवायचं.

एक दिवस नाल्यानं वर, डोहापर्यंत.
एक दिवस तांड्याच्या वाटेनं; तिथल्या पोरांनी
आम्हाला जनगणनेच्या बाया समजून
घरातली माणसं मोजून दाखवली, दोन कोंबड्या धरून.
एक दिवस चुकलो.
तुरीच्या शेतातून बाहेर पडलो तर समोर जिनिंगची भिंत,
आणि इतकी कुरूप भिंत बघून
मला इतकं हायसं कधी वाटलं नव्हतं.

रोज अंधारताना पऱ्हाट्यांचा धूर.
वांगी भाजली जायची, आणि धुडकू आप्पा खाटेवरून विचारायचे,
"आज कथा गयथात?"
आम्ही सांगायचो. ते मान हलवायचे
आणि सांगायचे, त्या वाटेला काय म्हणतात.
नकाशावर तिला काहीच म्हणत नव्हते.

कन्हेरगड राहिला.
नाल्यातून दिसला, तांड्यावरून दिसला,
दर वेळी वेगळ्या अंगानं, ओळख न दाखवता.
चौथ्या रात्री हिशेब केला: अर्धा तास कमी पडतो.
पठारावरच्या गावाहून पुरला असता.
कुमुद बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली,
"खुंटा हलवायचा का?"

पाचव्या दिवशी बाजार होता. आम्ही चिंधाबाईबरोबर
मिरच्या आणायला गेलो, भर रस्त्यानं,
वाहणा न बदलता.
परत येताना गाय दिसली. खुंटा तिनं हलवला नव्हता,
आप्पांनी हलवला होता, पाच पावलं डावीकडे.
ती खाली मान घालून नवं गवत खात होती.

निघताना चिंधाबाई आत रांधत होती.
पैसे डब्याखाली ठेवले. तेवढ्यात आतून आवाज आला,
सवयीनं, पीठ मळता मळता,
"भाकरी कितल्या..."