मागून येणारा नंबर

समुद्रपूरच्या एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी.
पंखा एकच, तोही यंत्रांकडे तोंड करून.
साडेअकराला जांबजवळ जेसीबीनं केबल तोडली
आणि पडद्यावरचा बोगदा लाल झाला.
बोगदा म्हणजे डोंगर पोखरलेला नव्हे,
कुणाचं सामान कुणाच्या हाती द्यायचं
याचा तीन-चार राउटरांतला तोंडी करार.

दशरथ गेडाम टॉर्च घेऊन निघाला.
"येतो सांधून. तवरिक पाय तू."

मी काय पाहणार?
निरोप आपणच दुसऱ्या वाटेला लागलेला:
गिरडला विचारतो, जागा आहे का,
गिरड उमरेडला, उमरेड नागपूरला.
जाताना कुणी काही देत नाही.
नंबर मिळतो तो परतीला.
उमरेड गिरडला सांगतं, माझ्याकडे सतरा म्हणून पाठव.
गिरड मला सांगतं, दोनशे चार.
गिरडचं दोनशे चार उमरेडला ठाऊक नाही,
ठाऊक असायची गरजही नाही.

गोपिका मावशीचं असंच होतं.
सासरी ती गिरडवाली,
निंदणाच्या टोळीत मुकादमीण,
रेशनच्या दुकानात एकशे बारा,
उमरेडच्या गाडीत मागची सीट.
एका ठिकाणचं नाव पुढच्या ठिकाणी कुणी विचारलं नाही,
तिनंही सांगितलं नाही.
भावाच्या गावच्या फाट्यावर उतरली
की तिथंच ते सगळं गळून पडायचं.
दारात भाऊ नाव घेत नसे.
"आली? पाय धू."

नागपूरनंही उमरेडला तेच कळवलंय:
माझ्यापर्यंत नंबर आणू नकोस,
अलीकडेच काढून ठेव.

बारा वाजून चार मिनिटं. बोगदा हिरवा.
नंदोरीच्या दवाखान्यातला एक ईसीजी
दोनशे चार होऊन गेला, सतरा होऊन गेला,
आणि नागपुरात नुसता ईसीजी होऊन पोचला.
कुणाचा, ते मला दिसत नाही.
मला फक्त वाहतूक दिसते,
तीसुद्धा बारीक रेघ.

दर तीस सेकंदांनी हे एकमेकांना विचारतात,
आहेस का?
थोडा वेळ उत्तर नाही आलं
तर वाट पुसून टाकतात. राग नाही, लोभ नाही.

तीन वाजत आले. दशरथचा फोन लागत नाही.
मी पुन्हा लावतो.
रस्त्याकडेला ट्रक, खड्ड्यात तो,
दातांत टॉर्च.
पुन्हा लावतो.

"हाव," तो म्हणतो. "हावो ना."