एक बोट जागा

भवानी पेठेतून टेम्पो आला.
मी खोकी मोजून घेतली: चौदा, एकेकात सहा.
गोडाऊन आहे का मॅडम, ड्रायव्हरनं विचारलं.
म्हटलं, नाही, अर्धं गॅरेज.

अर्धं म्हणजे खरंच अर्धं.
मधोमध पिवळ्या ऑइलपेंटची रेघ,
हक्कसोडपत्रावर मी सही केली नाही
त्याच्या पुढच्या रविवारी
दादानं मारलेली.
रेघ सरळ आहे, हे मान्य करायला हवं.
पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होता तो.

पलीकडे त्याची कव्हर घातलेली मारुती.
अलीकडे माझी अ‍ॅक्टिव्हा
आणि बाबांच्या बॅटरीचं पाणी सांडून
कोबा खाल्ला गेला तो खड्डा.
खड्डाही वाटणीत माझ्याकडे आला.
वकील म्हणाले, हिस्सा म्हणजे सगळ्यासकट.

तीन दिवस नुसतं खरवडणं.
खराटा, फिनेल, पुन्हा खराटा.
खड्डा सिमेंटनं भरला, वर ओलं पोतं टाकलं,
आणि येताजाता त्याच्यावर पाणी मारत राहिले
तापातल्या माणसाच्या कपाळावर मारावं तसं.

चौथ्या दिवशी पहिली फरशी.
प्लास्टिकची, राखाडी, हातभर चौकोनी,
दोन बाजूंना कड्या, दोन बाजूंना खुंट्या.
कडीवर खुंटी धरायची, टाचेनं दाबायचं.
खट्.
छप्पन्न वर्षांत इतकं स्वच्छ उत्तर
मला कुणी दिलं नव्हतं.
खट्. खट्. तळजाईवरून मोर ओरडत होते,
मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

पाच ओळी झाल्या, साठ फरश्या.
सहावी ठेवून पाहिली,
रेघ ओलांडून वीतभर पलीकडे जात होती.
मी हॅकसॉ आणायला वळले,
तर दारात दादा. बनियन, हातात कप.
चार वर्षांनी पहिलं वाक्य:
‘उलटी सुरुवात केलीस.’

‘दारापासून लावायची असते,
म्हणजे कापलेला तुकडा मागे लपतो.’
‘मला लपवायचं नाही काही.’
‘आणि भिंतीला टेकवलीयेस.
वर पत्रा आहे. मे महिन्यात फुगेल,
मधेच पापडासारखी उठेल सगळी.’
‘किती सोडायचं?’
‘एक बोट.’
‘कुणाचं?’

त्यानं कप मारुतीच्या बॉनेटवर ठेवला.
उकिडवा बसून भिंतीशी
स्वतःचं बोट आडवं लावून दाखवलं.
नखात अजून शाई असावी असं वाटलं,
नव्हती.

साठ फरश्या उचकटायच्या म्हटलं
तर तो म्हणाला, कशाला,
आता ती एकच आहे.
मग दोघं फरशीवर बसलो,
पाय भिंतीला लावले आणि रेटलं.
त्याचा गुडघा वाजला. कुंदा वहिनी
खिडकीत येऊन पाहून गेली.
पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा
अख्खी जमीन आम्हाला घेऊन
एक बोट मागे सरकली.

उठताना त्यानं माझा हात धरला नाही,
मारुतीचा आरसा धरला.
हॅकसॉकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं.
‘कापू नकोस,’ म्हणाला,
‘कापलेल्या बाजूला कडी राहत नाही.’
आणि कप तिथेच विसरून गेला.

सहावी ओळ मी अख्खी लावली.
रेघ खाली आहे. पुसली नाही कुणी,
तिच्यावरून अ‍ॅक्टिव्हा नेताना
चाकाला काही कळत नाही, इतकंच.

त्या रात्री साडेदहाला मारुती सुरू झाली.
दोन-तीनदा खोकून मग लागली.
पुढे, मागे, पुढे, मागे,
कितीतरी वेळ.
मी दिवा लावला नाही.

सकाळी ती भिंतीला चिकटून उभी होती,
आरसा मिटलेला.
माझ्या शेवटच्या ओळीच्या कड्या
त्याच्या कोब्यावर उघड्या,
त्यांच्यात आत्ताच धूळ बसायला लागलीय.

दोन खोकी उरली आहेत.
पावती आहे, आठ दिवसांत परत घेतात.
आज नववा दिवस.