खाडा

माझ्या डब्याला खाडा धरतात.
महाप्याच्या कंपनीतली ती बारीक चणीची ऋजुता
आदल्या रात्री मेसेज टाकते, ‘काकू, उद्या नको’,
आणि महिनाअखेरीस नव्वद रुपये वजा.
दुधाचा खाडा, पेपरचा खाडा.
कोपरखैरण्यात नवे होतो तेव्हा हिरामण केबलवाला
चार दिवस चित्र गेलं म्हणून
न मागता वीस रुपये सोडायचा,
ओट्यावर पाणी पिऊन, पिवळ्या कार्डावर सही करून.
कॅलेंडरच्या चौकटीत फुली मारली
की ती फुली म्हणजे पैसे.

यांना खाडा माहीत नाही.
पहाटे तीन बाराला,
मी कणीक भिजवायला उठायच्याही आधी जातात.
कुणी दार वाजवत नाही.
सात तारखेला गाण्यांचे,
अकराला फोटो ठेवायच्या जागेचे
(जागा! सिडकोच्या पंचवीस मीटरमध्ये संसार केला,
आता फोटोंनाही भाडं),
चोवीसला त्या योगवाल्या बाईचे चारशे,
जिच्याबरोबर तीन महिन्यांत मी दोनदा श्वास घेतला.
भागाकार केला.
एक श्वास सहाशेला पडला.

रविवारी डबे नसतात, कणीक माझ्यापुरती.
ती मळता मळता एकेक बंद करत गेले.
गाणी बंद. जाहिरात लागली तर लागू दे,
भेंडी चिरताना हात थोडाच थांबतो.
योग बंद करताना बाई विचारते,
‘खरंच जाताय? आम्हाला वाईट वाटेल.’
तीन महिने फिरकले नाही तेव्हा
नाही का वाटलं, बाई?
फोटो राहू दिले. त्यात हे आहेत,
ऐरोलीच्या खाडीवर, फ्लेमिंगोंकडे पाठ करून.

मग सिनेमांचं.
सहाशे एकोणपन्नास,
म्हणजे सात डबे आणि वर दोन पोळ्या.
मी पाहते किती? महिन्याला दीड सिनेमा,
त्यातला अर्धा झोपेत.

पण तिथे दोन चेहरे आहेत.
पिवळा ‘आई’. निळा ‘सौमित्र’.
फोनवर तो ‘बरा आहे’ म्हणतो,
दर बुधवारी, त्याच आवाजात.
पोलंडात किती वाजले तेही मी आता विचारत नाही.
निळ्या चेहऱ्याआड मात्र खरं दिसतं:
कुठलीशी कोरियन मालिका, भाग सहावा,
एकवीस मिनिटांवर थांबलेली.
म्हणजे जेवला, आडवा झाला, डोळा लागला.
कधी एका रात्रीत चार भाग.
म्हणजे झोप नाही.
मग मी बुधवारपर्यंत थांबत नाही,
‘सहज केला’ म्हणते.

मागे म्हणाला, ‘आई, ते काढून टाक.
मी इथलं घेतलंय. दोघांत मिळून.’
दोघांत कोण, ते मी विचारलं नाही.

बटण लाल होतं, बोटाला पीठ.
काचेवर पांढरा ठसा उमटला, तेवढंच.
भाग सहावा, एकवीस मिनिटं.
सोळा दिवस तिथेच.

शेजारची जयवंती विचारते, परवडतं का गं तुला?
नाही परवडत.

आज पहाटे तीन बाराला फोन उजळला
तेव्हा मी जागीच होते.
सहाशे एकोणपन्नास.
उठून कॅलेंडर खाली काढलं,
पेन्सिलीने सोळा फुल्या मारल्या.
वजा काहीच करायचं नव्हतं.
पण खाडा तो खाडा,
लिहिलेला असावा.